टोकनवालीने मळलेली कणीक

धाकटीचं वागणं बघा. जिने सख्ख्या सासऱ्याच्या वहाणा कधी सरळ करून ठेवल्या नाहीत, ती दर रविवारी गुरुद्वाऱ्यात जाऊन साऱ्या जगाच्या चपला पुसत होती! तेही कसं, तर डोक्यावर रेशमी ओढणी, हातांत गुलाबी रबरी मोजे, आणि तोंडावर असं हसू की चप्पल नव्हे, तान्हं बाळ पुसतेय. घरी हिची एक चप्पल जिन्याच्या वर तर दुसरी खाली. येणारा-जाणारा अडखळायचा. मग उचलायची कुणी? थोरलीने.

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. फर्निचरचं दुकान एक, घर एक. खाली थोरली, वर धाकटी. सासू गेली तेव्हा घराच्या किल्ल्या थोरलीकडे आल्या आणि गुरुद्वाऱ्याच्या स्वयंपाकघरातली मोठी परातही तिच्याकडेच आली. तिथं रविवारी सगळ्यांना जेवण असतं, लंगर म्हणतात त्याला. त्या लंगरची कणीक थोरलीच्या हाताशिवाय भिजत नसे. ती आजारी पडली तर बायका घरी फोन करून विचारत, पाणी किती घालू. मग ती अंथरुणातून खेकसायची, "हाताला विचारा!"

स्वयंपाकघर आणि चपलांची खोली यांच्यामध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीत, ताटं सरकवायला म्हणून कधीकाळी केलेली, एक खिडकी. त्या खिडकीतून थोरलीच्या कानावर कौतुकाचा नळ गळत राहायचा.

"एवढ्या मोठ्या घरची सून, आणि बघा कशी चपला पुसतेय!"

"अहंकार म्हणून नाही हो पोरीला."

"माझे बूट नका हो पुसू, मला लाज वाटते." असं म्हणायचं आणि बूट पुढे करायचा.

थोरली कणकेत मूठ हाणायची. कोपरापर्यंत पीठ, पाठीचे तीनतेरा, कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नाही. पण आजवर एकाने म्हटलं नव्हतं की वा, कणीक काय मळलीय! कणीक दिसते कुणाला? ती रोटी होऊन पोटात जाते. चप्पल मेली दारात दिसते.

मोठ्या घरच्या माणसाने दुसऱ्याची चप्पल हातात घेतली की अहंकार जातो, असं मानतात. धाकटीचा अहंकार जाताना कुणी पाहिला नव्हता, पण जातोय जातोय असं सगळे म्हणत होते.

त्या खोलीत आणखी एक बाई असे. खरं तर खोली तिचीच. बाहेरच्या खिडकीतून चपला घ्यायच्या, पितळी टोकन द्यायचं. टोकन घ्यायचं, चपला द्यायच्या. मधल्या वेळात चिखल झाडून जोड फळ्यांवर लावायचे. लोक तिला टोकनवाली म्हणत. मागच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान. बापजाद्यांपासून चामड्याचं काम करणारं घर. ती पहिल्यांदा आली ती बाह्या सरसावून थेट स्वयंपाकघरात. "कणीक मळू का?" म्हणाली. थोरलीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि साखरेच्या आवाजात सांगितलं, "इथं हात पुष्कळ आहेत गं. चपलांच्या खोलीत माणूस नाही. तुला तिथलं सवयीचं." ती गेली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ज्याला जे जमतं ते त्याला द्यावं, घर असंच चालतं, असं थोरलीचं मत होतं आणि ते तिला कुणी कधी विचारलंही नव्हतं.

गुरूंनी काय सांगून ठेवलंय ते तिथं सगळ्यांना पाठ आहे. जमिनीवर बसायचं, एका रांगेत बसायचं, राव असो की रंक, एकाच भांड्यातलं जेवायचं. बायकांनी नावापुढे सरसकट एकच 'कौर' लावायचं, म्हणजे कोण कुठल्या घरची ते कळू नये. म्हणून बायका आडनाव विचारत नाहीत. "माहेरी काय करतात?" एवढंच विचारतात.

तर त्या आठवड्यात थोरलीचा दीर जिन्यावरून शीळ घालतच उतरला.

"वहिनी, रविवारी जरा लवकर निघू या हं. आमच्या हिला सिरोपा देणार आहेत."

थोरलीच्या हातातला चमचा बशीवर वाजला. सिरोपा म्हणजे ते केशरी कापड. साऱ्या संगतीसमोर, म्हणजे जमलेल्या भाविकांसमोर, नाव पुकारतात आणि गळ्यात घालतात. तिच्या सासूला एकदा मिळाला होता. मलमलच्या फडक्यात गुंडाळून तो थोरलीच्या कपाटात ठेवलेला होता, आणि सासू जाताना सांगून गेली होती, "पुढचा तुझा बरं का." त्या शब्दावर थोरलीने वर्षानुवर्षं पीठ मळलं होतं. आणि ही कालची पोर, हातात गुलाबी मोजे घालून, तो ढापणार!

"बरं झालं," नवरा पेपरातून तोंड न काढता म्हणाला. "मान शेवटी घरातच आला."

"घरात कुठे? वरच्या मजल्यावर."

"तुला काय त्याचं? तुला का हेवा वाटतोय?"

"मला? हेवा?" थोरली म्हणाली. "कपबशी ठेवा खाली. थंड झालाय चहा." आणि तिने भरलेला कप त्याच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती प्रधानांच्या दुकानात जाऊन धडकली. प्रधान म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या कमिटीचा म्होरक्या. पोटापाण्याला टायर विकायचा. दुकानभर टायरांच्या चळती आणि रबराचा उग्र दर्प. त्याने नोकराला स्टुलावरची धूळ झटकायला लावून तिला ते बसायला दिलं.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात, मीच आलो असतो."

"तुम्ही आला असतात तर वरच्या मजल्यावर गेला असतात," थोरली म्हणाली. "म्हणून मी आले. चपला पुसायचा मान करताय ना? मग टोकनवालीने काय घोडं मारलंय? धाकटीला अजून डावं-उजवं कळत नाही. ती बाई वर्षानुवर्षं तिथं उभी आहे."

आता खरं सांगायचं तर टोकनवालीची तिला काडीची पडली नव्हती. धाकटीच्या पायात खोडा घालायला काहीतरी हवं होतं, टोकनवाली हाताशी सापडली.

प्रधान मिशीत हसला. "अहो वहिनी, गुरूच्या घरी सगळे सारखेच. पण तिचं काय, तिचं ते कामच आहे. तिला कसला आलाय कमीपणा? तुमच्या जावेने करायचं म्हणजे ती सेवा."

हे थोरलीला पटलं. अगदी पटलं. म्हणून तर तिची पंचाईत झाली. तिने दुसरा डाव टाकला. "बरं. मग मी इतकी वर्षं पीठ मळतेय, ती काय?"

"तुम्ही?" प्रधानाला प्रश्नच कळला नाही. भोळा चेहरा करून म्हणाला, "तुम्ही तर मळणारच की. बायकांचं ते कामच आहे."

रबराचा दर्प एकदम नाकातून मस्तकात गेला. तेच वाक्य. टोकनवालीसाठी काढलेलं, जसंच्या तसं, तेवढ्याच गोडीने त्याने तिच्या पुढ्यात ठेवलं होतं. चांभाराच्या बायकोच्या आणि आपल्या पाठीवर हा एकच शिक्का मारतो! थोरली उठली. स्टूल मागे पडलं ते तिने उचललं नाही.

तिथून घरी न जाता ती मागच्या रस्त्याला वळली. दुकान कसलं, एक माणूस आडवा झोपला तर दार लागू नये एवढी जागा. भिंतीवर टाचा, तळवे आणि नाड्या टांगलेल्या, आरीजवळ मेणाचा गोळा. नवरा माल आणायला गेला होता. टोकनवाली एकटी बसून एका लांब बुटाला पॉलिश करत होती. थोरलीने आपली चप्पल काढून पुढे सरकवली.

"पट्टा सैल झालाय."

टोकनवालीने चप्पल हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "पट्टा चांगला आहे. तुमचं काम बोला."

"या रविवारी तू चपलांच्या खोलीत येऊ नकोस."

"का?"

"सिरोपा आहे ना धाकटीला. मग करू दे एकटीला सेवा. बघू दे लोकांना."

टोकनवाली हसली नाही, पण तिचा ब्रश थांबला. गुलाबी मोजे तिनेही पाहिलेच होते. धाकटीच्या हातात नेहमी तीच चप्पल असायची जिचा मालक समोर उभा असायचा. चिखलाचा ढीग मागे टोकनवालीसाठी असायचा.

"मी रविवार चुकवत नाही," ती म्हणाली. "येणार. पण तुमच्या शब्दाखातर त्या खोलीत नाही जाणार. कणीक मळेन."

"काय?"

"कणीक. पहिल्या दिवशी विचारलं होतं. आता पुन्हा विचारत नाही, सांगतेय. नाहीतर मी माझ्या खिडकीत उभी राहीन, सगळं सुरळीत होईल आणि तुमच्या जाऊबाई मिरवतील."

थोरलीला घाम फुटला. तिची परात! "अगं पण हाताला... तुझ्या हाताला..."

टोकनवालीने दोन्ही हात तिच्या नाकाखाली धरले. "घ्या बघू वास."

थोरलीने घेतला. माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. "येतोय," ती म्हणाली. "साबणाचा येतोय, आणि खाली पॉलिशचाही येतोय."

"खरं बोललात, बरं वाटलं. लोक नाही येत म्हणतात आणि लांब बसतात." टोकनवालीने हात मागे घेतले. "रविवारी लिंबाने घासून येते. ठरलं?"

एका बाजूला परात, दुसऱ्या बाजूला धाकटीच्या गळ्यातलं केशरी कापड. थोरलीने डोळे मिटले आणि तिला कापडच दिसलं.

"ठरलं. आणि पट्टा खरंच सैल आहे."

"पाय बारीक झालाय तुमचा. वय झालं."

जीभ सव्वाशेर होती बाईची. थोरलीला ते आवडलंही नाही आणि नावडलंही नाही.

रविवारी बाहेर रस्ता खोदलेला होता. आलेला प्रत्येक बूट चिखलाने माखलेला. थोरलीने परात मांडली, पीठ ओतलं आणि टोकनवालीला समोर बसवलं. पोळपाटाशी मास्तरीणबाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. तव्याशी डॉक्टरची आई. डॉक्टरच्या आईने उलथनं खाली ठेवलं.

"आज गुडघे फार दुखतायत माझे," ती म्हणाली आणि ज्या चालीने गेली, ती पाहून कोणत्याही गुडघ्याला लाज वाटली असती.

"मुलाला दाखवा!" थोरली मागून ओरडली.

"तो दातांचा आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग दातांनी चाला म्हणावं. तुमचं काय? दुखतंय काही?"

मास्तरीणबाईंनी एकदा परातीकडे, एकदा दाराकडे पाहिलं. "मी लाटते बाई. बाहेर एवढी माणसं भुकेली आहेत, रोटी नाही मिळाली तर मला खातील."

टोकनवालीच्या मनगटात जोर होता. चामडं ओढणारे हात ते. पीठ त्यांच्यापुढे शहाण्यासारखं वागू लागलं. थोरली तव्याशी उभी राहिली आणि तिरक्या डोळ्याने पाहत राहिली. हिचीही चांगली होतेय मेली! इतके दिवस एका धाकटीने पोट दुखत होतं, आता या बाईनेही दुखायला लागलं.

पहिली रोटी फुगली. टोकनवाली हळूच म्हणाली, "आधी तुम्ही खा."

"का? मी काय उपाशी आहे?"

"तुम्ही खाल्लीत तर मी पुढची कणीक मळते. नाहीतर हात धुऊन घरी जाते."

थोरलीने तुकडा मोडला. आजी, सासू, साऱ्या मेलेल्या बायका तिच्यापुढे रांगेने उभ्या राहिल्या. पण तिने चावलं. रोटी मऊ होती. तिच्या स्वतःच्या रोटीपेक्षा मऊ होती. त्या एका गोष्टीने तो घास गिळायला जेवढा जड गेला, तेवढा त्या मेलेल्या बायकांनीही तो जड केला नव्हता.

"पाणी जरा जास्त झालंय," ती म्हणाली आणि उरलेली रोटीही खाल्ली.

एवढ्यात भिंतीपलीकडे गलका झाला. थोरलीने भिंतीतली खिडकी सरकवली आणि तिच्या जिवाला थंडावा मिळाला. धाकटीच्या ओढणीला चिखल, एक गुलाबी मोजा बेपत्ता. टोकनवाली जोड नंबराप्रमाणे लावायची. जो आधी आला तो वरच्या फळीवर, मग तो फाटका असो की कोरा. धाकटीला हे कुठलं सुचायला! तिने महागाचे बूट वरच्या फळीवर मांडले होते, बऱ्यापैकी चपला मधल्या, आणि झिजलेल्या, शिवलेल्या, ठिगळाच्या सगळ्यांचा कोपऱ्यात ढीग घातला होता. टोकनांचे नंबर एकीकडे, चपला एकीकडे.

"एवढे भारी बूट मी खाली कुठे ठेवू?" ती कुणाला तरी सांगत होती.

तोच आतून तिचं नाव पुकारलं गेलं. सिरोप्यासाठी. ती खोली तशीच उघडी टाकून, ओढणी झटकत, पळत गेली. थोरलीने कान बंद करायला हात वर केले, पण हात पिठाचे होते. तिने सगळं ऐकलं. प्रधान माइकवर म्हणाला, "अशी नम्रता आजकाल बघायला मिळत नाही." थोरलीच्या मनातून ते केशरी कापड त्या क्षणी उतरलं. तिने इतकी वर्षं जे मागितलं ते हे? असं मिळतं?

मग पंगत बसली. डॉक्टरच्या आईचे गुडघे रांगभर फिरून आले होते, म्हणून कणीक कुणी मळली ते सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीने रोट्यांची टोपली स्वतः उचलली. टोकनवाली मागून डाळीची बादली घेऊन निघाली. बरेच जण गुमान हात पुढे करत होते, मुलं तर दोन-दोन मागत होती. पण मध्येच एखादा तळहात ताटावर आडवा यायचा. प्रधानाचाही आला.

"आज भातच घेतो वहिनी. पोट जरा जड आहे."

"पोट नाही, जीभ जड आहे तुमची," थोरली म्हणाली आणि रोटी त्याच्या हाताच्या पंजावरच ठेवून पुढे गेली. गरम होती. त्याने हात झटकला, रोटी ताटात पडली. एवढ्या लोकांसमोर ताटातली रोटी उचलून टाकायची कशी? तो ती कुरतडू लागला.

रांगेच्या टोकाला धाकटी बसली होती. गळ्यात केशरी कापड. बाहेर चपलांच्या खिडकीशी माणसं नुसत्या मोज्यांवर उभी राहून हाका मारत होती, ते तिला ऐकू येत नव्हतं. तिने टोपलीकडे पाहिलं, मागच्या टोकनवालीकडे पाहिलं, आणि ताटावर नाजूक हात धरला.

"मला नको जाऊबाई. डॉक्टरांनी गहू बंद केलाय."

सकाळी निघताना हिने जिन्यातच दोन टोस्ट खाल्ले होते. त्याचे तुकडे अजून पायरीवर होते, कारण ते झाडायचेही थोरलीनेच. रांगेतल्या माना वळल्या. टोकनवालीच्या बादलीतली पळी थांबली. ती थोरलीकडे पाहत नव्हती, खाली डाळीकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा असा होता की हे तिला आधीच माहीत होतं.

थोरलीने टोपली खाली ठेवली. कमरेवर हात ठेवले. आवाज तिला चढवावा लागला नाही. तो मुळातच भिंतीपलीकडे जाणारा होता.

"धाकटे, हे कापड माझ्या गळ्यात पडावं म्हणून मी तुझ्यावर जळत होते. रात्रंदिवस जळत होते. आज ते जळणं विझलं, कारण तुझ्या गळ्यात ते कसं दिसतंय ते मी पाहिलं. लोकांच्या चपला हातात घेताना तुला किळस आली नाही, आणि हिच्या हातची रोटी ताटात घ्यायला येतेय? चपला बघायला लोक होते, म्हणून. तू तर चपलांचीसुद्धा पंगत वेगवेगळी बसवलीस, भारीतली वर आणि ठिगळाची कोपऱ्यात! हिला त्या खोलीत मी धाडलं होतं आणि परातीपाशीही मीच आणलंय. आता ती तिथून हलणार नाही, माझ्या परातीला माझ्याबरोबर हिचाच हात लागेल, ज्याला गहू बाधतो त्याने घरी भात खाऊन यावं. आणि तू ऊठ. माणसं बाहेर मोज्यांवर उभी आहेत. सेवाबिवा राहू दे बाजूला. जा, जोड शोधून दे एकेकाचे. तुझं ते कामच आहे."